अन्यायाचं नाव घ्या, उमेदवाराचं नको

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या करखात्याने टेक्सासमधल्या एका संघीय न्यायालयात एक भूमिका मांडली. उपासनेच्या ओघात पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, स्वतःच्या मंडळीशी, श्रद्धेच्या अंगाने, उमेदवारांबद्दल बोलणं हा निवडणूक प्रचारातला सहभाग मानू नये, असं खात्याचं म्हणणं होतं. १९५४ साली सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी सुचवलेल्या दुरुस्तीमुळे करसवलत घेणाऱ्या धार्मिक आणि धर्मादाय संस्थांना तिथे कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारात उतरायला बंदी आहे. त्या बंदीचा अर्थ खात्याने आता बराच सैल केला. तो पटवून देताना एक तुलनाही केली: मंडळीतलं असं बोलणं म्हणजे कुटुंबात उमेदवारांविषयी होणाऱ्या चर्चेसारखंच आहे.

ही तुलना मला मुळातच चुकीची वाटते. कुटुंबातल्या चर्चेत उलट बोलता येतं. वडील एक सांगतात, मुलगी तोंडावर म्हणते की तुमचं चुकतंय, कुणीतरी वैतागून उठून जातं, आणि रात्री सगळे पुन्हा एकत्र जेवतात. रविवारच्या उपासनेत बोलतो एकच माणूस. बाकांवरच्या कुणाला हात वर करून ‘पाळकसाहेब, हे मला मान्य नाही’ असं म्हणता येत नाही. शिवाय तो माणूस तिथे आपल्या नावाने उभा नसतो. पाच मिनिटांपूर्वी त्याने शास्त्रपाठ वाचलेला असतो, थोड्या वेळाने तो पापक्षमेचे शब्द उच्चारणार असतो, आणि त्यानंतर भाकर मोडून हातावर ठेवणार असतो. या सगळ्याच्या मधोमध त्याने एखाद्या उमेदवाराचं नाव घेतलं, तर ते नागरिकाचं मत म्हणून ऐकू येत नाही. वचनाच्या आवाजातच ऐकू येतं.

तिसऱ्या बाकावर बसलेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. नवरा गेल्याला महिना झालाय. अंत्यविधी याच पाळकाने केला, त्याआधी आठवडाभर हॉस्पिटलमध्ये तोच येऊन बसत होता. तिच्या मनात त्याच्याबद्दल जी कृतज्ञता आहे ती शब्दांत मावणारी नाही. आता तो प्रार्थना करतोय, आणि प्रार्थनेत एका उमेदवाराचं नाव घेऊन म्हणतो, ‘प्रभू, तुझ्या या सेवकाला विजय दे.’ चारी बाजूंनी ‘आमेन’ उमटतं. तिचं मत दुसऱ्या उमेदवाराला आहे, आणि ते तिने विचार करूनच ठरवलंय. तिने ‘आमेन’ म्हणायचं की गप्प राहायचं? म्हटलं तर देवासमोर खोटं बोलल्यासारखं होतं. गप्प राहिली तर शेजारची वळून बघते. आणि मग तिने प्रभुभोजनाला, त्याच्याच हातून भाकर घ्यायला, पुढे जायचं. तिच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, हे खरं. पण तिच्या दुःखात तिच्याजवळ बसून पाळकाने जो विश्वास कमावला, तो त्याने त्या एका वाक्यात कुणा तिसऱ्याच्या कामासाठी खर्च केला. तो विश्वास असा वापरायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नव्हता.

मी पाळक नाही, बाकावर बसणारा आहे, आणि या प्रश्नाकडे मी तिथूनच पाहतो. व्यासपीठावरून उमेदवार किंवा पक्ष सांगायला माझा पूर्ण विरोध आहे. मात्र जे लोक ‘चर्चमध्ये राजकारण नको, फक्त सुवार्ता सांगा’ असं म्हणतात, त्यांच्या बाजूलाही मला बसायचं नाही. कारण ही मागणी फार जुनी आहे आणि ती पहिल्यांदा कुणी केली हे बायबलमध्येच लिहिलेलं आहे.

आमोस हा बायबलमधला संदेष्टा, मूळचा मेंढरं राखणारा, उंबरांची निगा करणारा माणूस. तो बेथेलच्या देवस्थानात येऊन बोलू लागला तो कशाबद्दल? रुप्यासाठी नीतिमानाला आणि जोडाभर पायतणांसाठी गरिबाला विकलं जातं, याबद्दल. मापं लहान करून आणि तराजू खोटा ठेवून धान्य विकणाऱ्यांबद्दल. वेशीत, म्हणजे न्यायाच्या जागी, गरिबांचा हक्क बुडवला जातो याबद्दल. तेव्हा बेथेलचा याजक अमस्या याने राजाला निरोप धाडला की याचं बोलणं देशाला सोसवेनासं झालंय. आणि आमोसाला तो म्हणाला, तू यहूदात जा, तिथे भाकर खा, तिथेच संदेश दे. पण बेथेलमध्ये पुन्हा तोंड उघडू नको, कारण हे राजाचं पवित्रस्थान आहे. ‘इथे राजकारण नको’ याचा अर्थ इतका स्वच्छ क्वचितच कुणी सांगितला असेल. ज्या पवित्रस्थानात गरिबाच्या मापाबद्दल बोलता येत नाही, ते आधीच कुणाच्या तरी मालकीचं झालेलं असतं. मौनाचा फायदा नेहमी खुर्चीवर बसलेल्यालाच होतो. म्हणून कुठलंच पाप न दुखावणारा, वर्षानुवर्षं गोड बोलणारा पाळक राजकारणापासून दूर आहे असं मला वाटत नाही. त्याची बाजू ठरलेली आहे, एवढंच की ती त्याला उच्चारावी लागत नाही.

व्यासपीठावरून काय बोलता येतं, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. ३ ऑगस्ट १९४१ रोजी जर्मनीतल्या म्युन्स्टरचे कॅथलिक बिशप क्लेमेन्स ऑगस्ट फॉन गालेन यांनी प्रवचनात नाझी राजवटीने चालवलेल्या मनोरुग्णांच्या आणि अपंगांच्या कत्तलीबद्दल उघड सांगितलं. संस्थांमधल्या रुग्णांच्या याद्या केल्या जातात, त्यांना ‘अनुत्पादक’ ठरवून बाहेर हलवलं जातं आणि काही दिवसांनी नातेवाइकांना मृत्यूची बातमी येते. हे त्यांनी ताशेऱ्यांच्या भाषेत सांगितलं नाही, फिर्यादीच्या भाषेत सांगितलं. दंडसंहितेतलं खुनाचं कलम वाचून दाखवलं, आणि आपण स्वतः सरकारी वकिलांकडे रीतसर तक्रार दाखल केली आहे हेही सांगितलं. त्या प्रवचनाच्या प्रती गुपचूप हातोहात फिरल्या. याच महिन्यात हिटलरने त्या कार्यक्रमाचा उघड भाग थांबवायचा आदेश दिला. हत्या पुढे चोरून चालूच राहिल्या, पण राजवटीला एक पाऊल मागे घ्यावं लागलं. प्रती वाटणाऱ्या ल्युबेक शहरातल्या तीन कॅथलिक धर्मगुरूंना आणि एका लुथरन पाळकाला १० नोव्हेंबर १९४३ रोजी शिरच्छेदाची शिक्षा भोगावी लागली.

हे प्रवचन राजकीय होतं का? होतंच. सरकारच्या एका धोरणाला खून म्हणणं याहून राजकीय काय असणार? पण त्यात सत्तेची मागणी नव्हती, कुणाला गादीवर बसवायचं याचा हिशोब नव्हता. मरणाऱ्या माणसाच्या बाजूने बोललेलं ते वचन होतं. १९८० मध्ये एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी प्रवचनातून सैनिकांना सांगितलं की देवाचा ‘खून करू नको’ हा हुकूम तुमच्या अधिकाऱ्याच्या हुकमापेक्षा मोठा आहे, दडपशाही थांबवा. दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला, मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, अर्पण करताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांनीही कुणाला मत द्या असं म्हटलं नव्हतं.

इथे कायद्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण पुष्कळ जणांना वाटतं की हा प्रश्न कायद्याने सुटेल. बिस्मार्कच्या जर्मनीने १८७१ मध्ये दंडसंहितेत एक कलम घातलं. धर्मगुरूने पदाच्या नात्याने राज्यकारभाराबद्दल सार्वजनिक शांततेला बाधा येईल असं बोललं तर दोन वर्षांपर्यंत कैद. रोख तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंवर होता. सहा दशकांनंतर हेच कलम नाझींच्या हाती आयतं सापडलं, आणि १९३७ मध्ये अटक झालेल्या लुथरन पाळक मार्टिन नीमोलर यांच्यावर ते लावलं गेलं. व्यासपीठाच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदा कोण वापरेल हे तो करणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. भारतातला कायदा वेगळ्या टोकाने जातो: १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने धर्माच्या आधारावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण ठरवलं, आणि आदर्श आचारसंहितेनुसार कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचाराचं व्यासपीठ होऊ शकत नाही. हा नियम मला योग्य वाटतो, कारण तो अन्यायावर बोलायला मनाई करत नाही. पण दंडाच्या किंवा करसवलत जाण्याच्या भीतीने एखादा पाळक उमेदवाराचं नाव घेत नसेल, तर बंदी उठली की तो घेऊ लागेल. अमेरिकेत आता नेमका तोच प्रश्न उभा आहे. म्हणून कायद्याच्या आधी शास्त्रात काय आहे ते पाहायला हवं.

व्यासपीठाच्या धैर्याबद्दल बोलायचं म्हटलं की सगळ्यांना नाथान संदेष्टा आठवतो. दावीद राजाने उरीया या आपल्या सैनिकाची बायको घेतली, उरीयाला लढाईच्या तोंडावर उभं करून मारवलं, आणि नाथान राजवाड्यात गेला. गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावू लागला, आणि नाथान म्हणाला, ‘तो मनुष्य तूच.’ हा प्रसंग प्रत्येक पाळकाने कधी ना कधी सांगितलेला असतो.

नाथानाची पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती राजांच्या पहिल्या पुस्तकात, पहिल्याच अध्यायात आहे. दावीद म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, आणि थोरला अदोनीया स्वतःला राजा म्हणवू लागला. त्याने जेवणावळ घातली. तिचं बोलावणं नाथानाला नव्हतं. तेव्हा नाथान बथशेबेकडे, म्हणजे पूर्वी उरीयाची असलेल्या त्याच बायकोकडे, गेला आणि तिचा मुलगा शलमोन गादीवर यावा म्हणून तिला सल्ला दिला: तू आधी राजाकडे जा, असं असं म्हण, तू बोलत असतानाच मी येऊन तुझ्या बोलण्याला दुजोरा देईन. ठरल्याप्रमाणे झालं. शलमोन गादीवर आला. नाथानाचा उमेदवार जिंकला.

शलमोनाची निवड चुकीची होती असं शास्त्र म्हणत नाही. उलट तोच गादीवर यावा अशी देवाची योजना होती असंच ते सुचवतं. माझं लक्ष त्यानंतरच्या पानांकडे जातं. शलमोनाने मंदिराच्या कामासाठी इस्राएलातून तीस हजार माणसांचा वेठबिगार उभा केला, महिन्याला दहा-दहा हजार लबानोनात पाठवले. ते ओझं इतकं झालं की त्याच्या मृत्यूनंतर लोक पहिली मागणी घेऊन आले ती जू हलकं करण्याची, आणि वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला त्यांनी दगडमार करून मारलं. शलमोनाने परक्या दैवतांसाठी उच्चस्थानं बांधली. या सगळ्यात ‘तो मनुष्य तूच’ असं म्हणायला नाथान कुठे आहे? राज्याभिषेकानंतर त्याचा एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. फक्त चौथ्या अध्यायात शलमोनाच्या अधिकाऱ्यांची यादी आहे, आणि तिच्यात नाथानाचे पुत्र म्हणून दोघांची नावं आहेत: एक कारभाऱ्यांवरचा मुख्य, दुसरा राजाचा स्नेही. हा तोच नाथान की दुसरा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो बिचारा तोवर निवर्तला असेल असंही म्हणता येईल. तरी मला हे मौन बोलकं वाटतं. राज्य फाटण्याची शिक्षा शेवटी सांगितली ती शिलो गावच्या अहीया नावाच्या संदेष्ट्याने, ज्याने शलमोनाला गादीवर बसवायला काही केलं नव्हतं.

उमेदवार सांगण्यातला खरा धोका मला इथे दिसतो. बाहेरचे लोक काय म्हणतील, तरुण मंडळी चर्च सोडून जातील, मंडळीत फूट पडेल, हे सगळे धोके खरे आहेत. पण त्यांच्याही वर हा आहे की ज्याला आपण प्रार्थनेने निवडून आणलं त्याला दोष देण्याची ताकद आपल्यात उरत नाही. त्याची चूक ही आपली चूक ठरते. मग माणूस सबबी शोधू लागतो: परिस्थितीच तशी होती, विरोधक याहून वाईट आहेत, देव वाकड्या काठीनेही सरळ रेघ ओढतो. हे वाक्य कितीदा व्यासपीठावरून ऐकलंय! ते खरं आहे, देव तसं करतो. पण काठी वाकडी आहे हे सांगण्याचं काम ज्याच्यावर सोपवलं होतं तोच ते वाक्य ढाल म्हणून वापरतो, तेव्हा सांगणारं कुणी शिल्लक राहत नाही.

याउलट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग. १९५४ची ती दुरुस्ती मांडणारे जॉन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा त्यांच्याच सहीने आले. किंग यांच्या लोकांवर त्यांचे उपकार होते म्हणायला हरकत नाही. तरीही ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये उभे राहून किंग यांनी त्याच जॉन्सन यांच्या व्हिएतनाम युद्धाचा धिक्कार केला. मित्र रागावले, मोठ्या वर्तमानपत्रांनी झोडपलं. तरी ते बोलू शकले, कारण त्यांनी आपला आवाज जॉन्सन यांच्याकडे गहाण ठेवला नव्हता. इथे एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. १९६४च्या निवडणुकीत किंग यांनी जॉन्सन यांचे प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांच्या विरोधात उघड भूमिका घेतली होती, मात्र ती जाहीर निवेदनातून, चळवळीचा नेता म्हणून. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेझमंड टुटू यांच्याबाबतही तेच दिसतं. वर्णद्वेषाविरुद्ध ते आयुष्यभर लढले, पण १९९४ मध्ये त्यांच्याच मित्रांचं सरकार आलं आणि काही महिन्यांत त्यांनी नव्या सत्ताधाऱ्यांच्या गलेलठ्ठ पगारांवर इतकी कडक टीका केली की खुद्द नेल्सन मंडेला नाराज झाले.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की काही वेळा उमेदवारच अन्याय असतो. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ मध्ये जर्मनीतल्या पाळकांनी ‘मी पक्षाचं नाव घेणार नाही’ असं म्हणत बसायचं होतं का? हा आक्षेप मी हलकेपणाने घेत नाही. पण त्या वर्षी काय घडलं ते नीट पाहायला हवं. पक्षाचं नाव घेणारे पाळक तेव्हा होतेच. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या गटातले पाळक हिटलरला देवाने धाडलेला नेता म्हणत होते. जुलै १९३३च्या चर्चच्या अंतर्गत निवडणुकीत त्यांच्यासाठी हिटलर स्वतः आदल्या रात्री रेडिओवर बोलला आणि ते मोठ्या बहुमताने जिंकले. व्यासपीठ पक्षाला खुलं केलं की ते चांगल्याच पक्षाला मिळेल याची हमी कुठे आहे? विरोधातल्या मंडळींनी मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जाहीरनामा काढला. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ त्याचे मुख्य लेखक. येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, आणि चर्च हे राज्याचं अवयव होऊ शकत नाही, असं तो ठामपणे सांगतो.

पण त्याच जाहीरनाम्यात ज्यूंबद्दल एक अक्षर नाही. बार्थ यांनी पुढे याबद्दल खंत व्यक्त केली. गालेन यांच्या त्या गाजलेल्या प्रवचनांतही ज्यूंचा छळ येत नाही. ही उणीव मला फार बोचते. आणि विचार केला तर लक्षात येतं की तिथे उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या नावाची उणीव नव्हती. मार खाणाऱ्याचं नाव घेतलं गेलं नाही, ही उणीव होती. कुणाला मत देऊ नका हे सांगण्यापेक्षा ‘तुमच्या शेजारच्या घरातल्या माणसाला उचलून नेलंय, तो तुमचा भाऊ आहे’ हे सांगणं किती तरी अवघड होतं, आणि पाळकाचं काम तेच होतं. ते नीट झालं तर मत कुणाला द्यायचं हे सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्याला विवेक आहे, त्याने तो वापरावा.

मग निवडणुकीच्या आधीच्या रविवारी पाळकाने बोलायचं तरी काय? पुष्कळ आहे. मत विकणं हे पाप आहे, हे बोलावं. पैसे घेणाऱ्या गरिबाला झापण्याआधी वाटणाऱ्याला झापावं. पडताळणी न करता पुढे ढकललेला मेसेज खोटा निघाला तर तो ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष’ या आज्ञेखाली येतो, हे सांगावं. मंडळीतल्या कुणाचं नाव मतदार यादीत नसेल तर ते नोंदवायला मदत करावी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चांनी, दुसरी सगळी दारं बंद असताना, पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं. त्याला प्रचार म्हणणं अन्यायाचं आहे. आणि प्रार्थना करावी ती सगळ्या उमेदवारांसाठी. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि तो राजा रोमचा होता, ख्रिस्ती मंडळीने निवडलेला नव्हता.

पाळकालाही मत असतं आणि ते त्याने जरूर द्यावं. मतपेटीपुढे तो इतरांसारखाच नागरिक. कॅथलिक धर्मगुरूंना तर चर्चच्या कायद्यानेच पक्षकार्यात सक्रिय भाग घ्यायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. प्रोटेस्टंट पाळकांना बहुतेक ठिकाणी असं स्पष्ट बंधन नाही, म्हणून त्यांनी ते स्वतःवर घालून घ्यायला हवं. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दहाला टाकलेला मेसेजही लोक पाळकाचा म्हणूनच वाचतात. उमेदवार उपासनेला आला तर त्याचं स्वागत आहे, बाकावर जागा आहे. माईक त्याच्या हातात देऊ नये.

आता राहिले आपण बाकांवरचे. उमेदवाराचं नाव घेऊ नका असं पाळकाला बजावणं सोपं आहे. पण तो अन्यायाचं नाव घेईल त्या रविवारी काय होतं? ज्यांना ते लागतं ते सहसा मोठी दानं देणारे असतात. ते कमिटीला निरोप धाडतात, पुढच्या महिन्यात पाकिटं हलकी होतात, आणि वार्षिक सभेत कुणीतरी हळूच बदलीचा विषय काढतं. घरभाडं, मुलांची फी, पुढची नेमणूक, सगळं त्याच लोकांच्या हातात असलेला माणूस किती दिवस आमोसासारखं बोलेल? त्या सभेला आपल्यापैकी बहुतेक जण जात नाहीत. जायला हवं, आणि तो ठराव मताला आला तर त्याच्या विरोधात हात वर करायला हवा.